तिघांचा मिळून एक मेकॅनिक

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गाडीच्या एसीचं काम करणारे जेवढे म्हणून आहेत, त्या सगळ्यांना मी चहा पाजलेला आहे, आणि त्यातला एक घोटही वसूल झालेला नाही. हे मी रागाने लिहीत नाही. राग माणसावर धरावा. ज्याच्या हातात पाना दिला की चालणारी वस्तू बंद पडते, त्याच्यावर राग धरणं म्हणजे गारपिटीवर केस टाकण्यासारखं आहे.

प्रकरण माझ्या थोरल्या भावाच्या ट्रकचं. चौदा फुटी बॉडीचा हा ट्रक दादाने पुण्यातल्या एका औषधाच्या गोदामातून जुना घेतला, तेव्हाच तो बरेच पावसाळे खाऊन आलेला होता. पण त्याच्या केबिनला एसी होता. आमच्या येडगावात तेव्हा भल्याभल्यांच्या मोटारींत एसीच्या बटणाला कोळ्याची जाळी लागलेली असायची. दादालाही त्याची गरज अशी नव्हतीच. तो काच खाली करून, कोपर बाहेर टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला हाळी देत गाडी हाकणारा माणूस. कुणी पावणा शेजारी बसला की तेवढ्यापुरतं बटण दाबायचा. पावणा शिंकला की बंद. आमच्या निम्म्या सोयऱ्यांना सर्दी देणं, एवढंच त्या एसीचं तोवरचं कार्य.

मग दादाच्या छातीत दुखलं. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट उतरवताना तो मटकन खाली बसला, आणि दिवस मावळायच्या आत पुण्याच्या दवाखान्यात त्याला स्टेंट बसला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, काही महिन्यांनी गाडी चालवा, हरकत नाही. पण तापलेल्या केबिनमध्ये बसायचं नाही, घामाघूम व्हायचं नाही. तो बिचारा ट्रकच्या केबिनमध्ये कधी बसला नसणार. चैत्रात आमच्या केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर कुरडया टाकल्या, तर त्या वारूळवाडीपर्यंत वाळतात आणि मंचरपर्यंत तळून निघतात.

निकाल दिला वहिनीने.

“केबिन गार असंल तर गाडी,” ती म्हणाली. “नसंल तर गाड्या इकनाऱ्या एजंटला फोन. मला माणूस पायजे, ट्रक न्हाई.”

 घरी बसलेल्या त्या महिन्यांत दादा ओट्यावरून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकायचा आणि तिच्या डिझेल पंपाचं काय बिनसलंय ते सांगायचा. ऐकायला समोर कोंबड्या. एकदा मी गेलो तर तो मेथी निवडत बसलेला. माळशेजच्या धुक्यातून एका हेडलाइटवर भरलेली गाडी काढणारा माणूस, मांडीवर परात घेऊन मेथीची पानं खुडतोय, आणि तीही वहिनी म्हणेल तशी देठासकट. मी आल्या पावली परत फिरलो. गाडी गेली तर हा माणूस त्या ओट्यावरच म्हातारा होणार हे मला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि वहिनीला तर आमच्या दोघांच्या आधी कळलेलं होतं. म्हणूनच ती एवढी चिडायची.

तर आता सगळं त्या एसीवर येऊन ठेपलं होतं.

पण त्याआधी दादाचं वेड सांगायला हवं. बैलगाड्यांची शर्यत. स्वतःच्या गोठ्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू. शर्यतीचा बैल औषधालाही नाही. पण आसपासच्या कुठल्याही गाडामालकाचे बैल घाटावर न्यायचे म्हटले की हा आपला ट्रक घेऊन दारात हजर, डिझेल पदरचं. घाट म्हणजे आमच्याकडे शर्यतीचा चढ. चार बैलांचा गाडा पापणी लवते न लवते तोच तो चढून जातो, आणि त्या पापणीभर वेळाची चर्चा लोक पुढच्या यात्रेपर्यंत करतात. गाडा चांगला पळाला की भंडारा उधळायचा. हळदीचा भंडारा, आणि तो पोत्यांनी. आधी बैलांवर, मग गाडामालकावर, मग जो मध्ये येईल त्याच्यावर, आणि शेवटी बैल घेऊन आलेल्या गाडीच्या तोंडावर. आणि हा विजयाचा भंडारा पाण्याने धुवायचा नाही. वाऱ्याने जाईल तेवढा जाईल, राहील तेवढा राहील, असा रिवाज. दादाचा ट्रक त्यामुळे मागून पांढरा आणि पुढून पिवळा. लांबून येताना तो हळदीला बसलेला नवरदेव वाटायचा, वयाने जरा जास्त झालेला.

दादाला पुन्हा गाडीवर बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्याने एसीचं बटण पहिल्यांदा मनापासून दाबलं. आत पट्टा किंचाळला, रबर जळाल्याचा वास आला, आणि केबिनमध्ये उलट गरम हवा यायला लागली.

पहिला तज्ज्ञ नारायणगावचा. बायपासला पत्र्याची शेड, वर स्वतःच रंगवलेला बोर्ड, ‘एसी डॉक्टर’. त्याने ट्रक पाहिला, चपला काढल्या, पुढच्या जाळीवरचा चिमूटभर भंडारा घेऊन कपाळाला लावला, आणि मग कामाला हात घातला. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस श्रद्धाळू आहे, खिशाला चावणार नाही. दोन्ही बाबतींत मी चुकलो, पण ते सोडा.

“कॉम्प्रेसर गेला,” तो म्हणाला. कॉम्प्रेसर म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप. तो आतल्या आत जाम झाला होता.

“का गेला?” मी विचारलं.

“जुना झाला भाऊ. माणूस जातो, मशिन जाणार न्हाई व्हय?”

दादा शेजारीच उभा होता. त्याने नकळत छातीवर हात ठेवला.

नवा कॉम्प्रेसर बसला. केबिन गार झाली. दादा काच बंद करून मार्केटला जायला लागला, आणि रस्त्यातल्या ओळखीच्यांना हाळी देण्याऐवजी काचेआडून नुसती मान हलवायला लागला. लोकांनी समज करून घेतला की याला एखादं महामंडळ मिळालं. वहिनीने एजंटचा विषय काढणं बंद केलं. हे सुख पुरता महिनाभरही टिकलं नाही. मार्केटच्या रांगेत ट्रक उभा असताना खालून असा काही आवाज झाला की उसातला बिबट्या हाकलायला कुणी फटाका लावला असं समजून दोघे हमाल क्रेटच्या थप्पीवर चढले आणि तिसरा, जो आधीच वर होता, तो उतरून पळाला. एसीचा रबरी पाइप फुटला होता.

दुसरा तज्ज्ञ मंचरचा. हा स्वतः गाडीला हात लावत नसे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात लांब स्क्रूड्रायव्हर. मास्तर नकाशावर नद्या दाखवतो तसा तो त्याने इंजिनमधल्या वस्तू दाखवायचा. त्यानेही आधी भंडारा कपाळाला लावला, शर्टावर सांडणार नाही अशा बेताने. मग स्क्रूड्रायव्हर नव्या कॉम्प्रेसरवर टेकवला.

“हे कुणी बसावलं?”

मी सांगितलं.

“तरीच,” तो म्हणाला, आणि बराच वेळ हसला. त्या हसण्याचे पैसे त्याने नंतर मजुरीत लावले अशी माझी खात्री आहे. नवा पाइप झाला, गॅस गाळणारी नळकांडी नवी झाली, आणि आधीचा कॉम्प्रेसर ‘रिपेरी करून रंगवलेला’ आहे असं ठरवून अजून एक कॉम्प्रेसर झाला. जाताना म्हणाला, “आता केबिनमधी स्वेटर घाला पावणं.”

स्वेटर लागला नाही. आळेफाट्याच्या चौकात, भर दुपारी, केबिनमध्ये करपलेल्या भाकरीचा वास सुटला. कॉम्प्रेसरला फिरवणारा क्लच जळाला होता. दादा घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि ओठ पांढरे पडलेले. वहिनीने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पंख्याची दिशा फिरवली, आणि फोन घेऊन परसात गेली.

एजंट दुसऱ्याच दिवशी आला. या जमातीला गाडी पाहायची म्हणजे टायरला लाथ मारायची, एवढंच शास्त्र ठाऊक असतं. त्याने चारी बाजूंनी लाथा मारल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “शनिवारी गिऱ्हाईक घिऊन येतो. तवर एसीचं बघून घ्या राव. न्हाईतर एसी हाय असं तरी म्हनू नका.”

तेवढ्या अवधीत दादाने तिसरा तज्ज्ञ शोधला. ओतूरचा. हा दुबईत काही वर्षं काढून आलेला, आणि तिथून आणलेला गॉगल आणि एक वाक्य एवढ्यावर त्याचा धंदा चालायचा. “दुबईत असं नसतंय.” आमच्या गाडीचे पाने पाहून म्हणाला, दुबईत असं नसतंय. चहा पिऊन म्हणाला, दुबईत असं नसतंय. पण ट्रकच्या तोंडावरचा भंडारा पाहिल्यावर दुबई विसरला, वाकून नमस्कार केला, कपाळाला लावला, आणि वर एक चिमूट कागदात बांधून पाकिटात ठेवली. मग नवा क्लच बसवला, गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, आणि गेला. बुधवारी एसी चालला. गुरुवारी सकाळी कॉम्प्रेसर पुन्हा कण्हायला लागला. मी बंद करायला लावला.

“जाऊ दे,” दादा म्हणाला. “शनिवारी दिऊन टाकू.”

तो हे मेथीची जुडी देऊन टाकू म्हणावं तसं म्हणाला. मला तो आवाज आवडला नाही.

मला एसीतलं काही कळत नाही. पण माणसांतलं कळतं. हे तिघे गाडीत दोष शोधताना झोपेत असल्यासारखे असायचे. दुसऱ्याने केलेल्या कामात दोष शोधताना मात्र त्यांचे डोळे असे चमकायचे की वेल्डिंगची ठिणगी फिकी पडावी. मेकॅनिकला काम आहे म्हणून बोलावलं तर तो उद्या येतो, आणि उद्या ‘उद्या येतो’ म्हणतो. अमक्याने तुझी लाज काढली असं कळवलं, तर ताटातली अर्धी भाकरी टाकून येतो. मी गुरुवारी दुपारी तिघांना फोन केले. नारायणगावच्याला सांगितलं, मंचरचा म्हणतो तू भंगारातला कॉम्प्रेसर घातलास. मंचरच्याला सांगितलं, दुबईवाला म्हणतो तुला पाइप जोडता येत नाही. दुबईवाल्याला सांगितलं, ते दोघे म्हणतात हा दुबईत उंट धूत होता. यातलं पहिलं खरं होतं. बाकीची दोन मी पदरची घातली; पण नंतर त्यांनी एकमेकांना जे ऐकवलं त्यापुढे माझी भर अगदीच सभ्य निघाली.

शुक्रवारी सकाळी तिघेही आमच्या अंगणात होते. आल्याआल्या प्रत्येकाने ट्रकच्या जाळीवरचा भंडारा कपाळाला लावला, आणि मगच एकमेकांकडे पाहिलं. वहिनी उंबऱ्यात सूप घेऊन डाळ पाखडत बसली. तिला नाटक फुकटात पाहायला मिळतंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दादा ओट्यावर.

“खोका अजून माझ्या शेडमधी हाय,” नारायणगावचा म्हणाला. “शिलबंद कॉम्प्रेसर व्हता. ज्यानं भंगार म्हनलं त्यानं डोळे तपासून घ्यावं.”

“मग आतलं त्याल खोलून दाखीव,” मंचरचा म्हणाला. “जुन्याचा चुरा धुतला नसंल, तर नवा बी मरनारच.”

पाइप खोलला. तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं. स्वच्छ. नारायणगावच्याने ते फडकं मंचरच्याच्या नाकासमोर असं धरलं, जसं काही बारशाचं झबलं आहे.

“ह्याच्या पाइपाचा जोड बघा आता,” तो म्हणाला. “गळतो का न्हाई ते.”

पाइप जागेवर लावून दुबईवाल्याने पुन्हा मोजून गॅस भरला, आणि जोडाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. मंचरच्याने शर्टाची कॉलर नीट केली. मग त्या दोघांची गट्टी जमली, आणि दोघे मिळून दुबईवाल्याकडे वळले. क्लचची वायर तपासली. ठीक. त्याने गॅस मोजला तो वजनकाटा तपासायला वहिनीचं किलोचं वजन मागितलं. वहिनीने ते आतून आणून दिलं आणि म्हणाली, “ह्यानं सालोसाल तांदूळ जोखलाय. ते खोटं बोलत न्हाई, तुमचं तुमी बघा.” काटाही बरोबर निघाला.

म्हणजे बघा. तीन माणसं, एकमेकांना खोटं पाडायला सकाळपासून जिवाचं रान करत होती, आणि त्यातून एवढंच सिद्ध झालं की तिघांनीही आपापलं काम बरोबर केलेलं होतं. माझ्या आयुष्यात मला इतकी निराशा क्वचित आली असेल.

एवढ्यात मंचरच्याचा स्क्रूड्रायव्हर एका जागी थबकला. गॅसचा दाब फार वाढला की आपोआप मशिन बंद करणारा एक छोटा स्विच असतो. त्याच्या दोन वायरी कुणीतरी एकमेकींना पिळून जोडून टाकल्या होत्या.

“ही कारागिरी कुणाची?”

नारायणगावचा इकडे तिकडे बघायला लागला. “सारखं मशिन बंद करीत व्हतं ते. म्हून डायरेक केलं.”

“म्हंजे घर पेटलंय म्हनून वरडनाऱ्याच्या तोंडात बोळा घातला,” दुबईवाला म्हणाला. “दुबईत असं नसतंय.”

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच योग्य ठिकाणी वापरलं. आणि मला एक गोष्ट उमगली: दाब पहिल्या दिवसापासून वाढत होता. पंप जाम झाला, पाइप फुटला, क्लच जळाला, ते सगळं त्या दाबाने. हे तिघे मेलेली वस्तू बदलत होते आणि मारणाऱ्याला चहा पाजत होते. नाही, चहा मीच पाजत होतो.

मग दाब मोजायचं घड्याळ जोडून मशिन सुरू केलं. काटा सरसर चढला आणि लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन थरथरायला लागला.

“गॅस जास्ती भरलाय,” बाकीचे दोघे एकदम म्हणाले.

दुबईवाल्याने गॉगल काढला. “मोजून भरलाय. आत्ता काटा तपासला न्हवं? पानी आना. म्होरल्या जाळीवर मारा. गॅस जास्ती असंल तर काटा जरा खाली यील अन् पुन्हा चढंल. खाली यिऊन बसला, तर गॅस बरोबर, अन् जाळी गुदमरतीया. मग मला बोलायचं न्हाई.”

पुढची जाळी म्हणजे ट्रकच्या तोंडाशी असलेला, बारीक पत्र्यांचा कंडेन्सर. गॅसची उष्णता तिथून वाऱ्याबरोबर बाहेर जाते. दादा ओट्यावरून उठायच्या आत नळी मी धरली. पाणी मारलं. काटा उतरला, आणखी उतरला, आणि वेसण धरलेल्या बैलासारखा एका जागी उभा राहिला. केबिनमधून माझ्या मानेवर गार झुळूक आली.

पण काट्याकडे कुणी पाहत नव्हतं. ट्रकच्या खालून पिठलं वाहायला लागलं होतं. आधी पिवळं, मग केशरी, मग इतकं घट्ट की त्याला अंगण ओलांडताना श्रम पडत होते. कोंबड्या धावत आल्या, वास घेतला, आणि दादाचं डिझेल पंपाचं निदान ऐकताना करायच्या तशी मान वाकडी करून उभ्या राहिल्या. कंडेन्सर खोलून काढला. पुढून तो बरा दिसायचा. मागे, त्याच्या आणि रेडिएटरच्या फटीत, कैक यात्रांचा भंडारा तेल, धूळ आणि पावसाचं पाणी पिऊन थापलेल्या भिंतीसारखा बसलेला होता. वाऱ्याला जायला सुईच्या नाकाएवढीही वाट नव्हती. तेवढ्या हळदीत पंचक्रोशीतली सगळी लग्नं उरकून वर लोणचं घालता आलं असतं.

आणि या भिंतीची खूण या तिघा तज्ज्ञांना दिसली नव्हती असं नाही. प्रत्येकाने तिच्यासमोरच्याच जाळीत बोट घातलं होतं. प्रत्येकाने त्याच भंडाऱ्याची चिमूट उचलली होती. आत्ताही तिघे उभे होते, कपाळं पिवळीजर्द, आणि गुन्हेगाराकडे असे बघत होते जसं काही त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

“तुमी तिघं मिळून,” वहिनी सुपातून मान वर न काढता म्हणाली, “एक मेकॅनिक चांगला झाला असता बघा.”

नारायणगावच्याने खरवडायला पाना उचलला. तेव्हा दादा ओट्यावरून उठला.

“थांब,” तो म्हणाला. “खरवडू नको ते. घाटावरचा हाय. धुवायचा नसतो.”

“दादा, हाच भंडारा तुझी केबिन—” मी म्हणालो.

“मला कळतंय ते. ट्रक जाऊ दे. पन पायाखाली नको घालू.”

एसीचा दोष सापडल्यावर घरातला दोष निघाला होता. तिघेही एकदम भाविक झाले. पाना खाली ठेवला गेला. दुबईवाला तर म्हणाला, भाऊंचं बी बरोबर हाय. उद्या शनिवार, गिऱ्हाईक येणार, आणि ट्रकचा कंडेन्सर अंगणात, आणि पाच बापे माणसं त्याच्याभोवती हात बांधून उभी, जसं काही कीर्तन सुरू व्हायचं आहे.

वहिनीने सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला.

“अहो, बैलाच्या कपाळाला भंडारा लावत्यात ना?” तिने दादाला विचारलं.

“लावत्यात.”

“तोच नाकात कोंबला तर?”

दादाने अंगणातल्या कंडेन्सरकडे पाहिलं.

“बैल जगंल का? सांगा ना. तुमाला बैलातलं लई कळतं.”

“न्हाई जगायचा.”

“हे गाडीचं नाक हाय,” ती म्हणाली. “मला डाळ पाखडता पाखडता कळलं. तुमाला पाचजणांला बशीत वाढून द्यावं लागतंय.”

मी त्या पाचजणांत का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

तिने एक पाटी आणली. सगळा भंडारा हाताने, बोटाबोटाने काढून पाटीत घेतला, एक चिमूटही जमिनीवर पडू दिली नाही. मंचरच्यालाही तिने पांढऱ्या शर्टासकट बसवलं. पाटी नेऊन आंब्याच्या बुंध्याशी ओतली आणि वर माती सारली. राहिलेलं धुवायला दादाने स्वतः टोमॅटोवर फवारायचा पंप काढला. कुणाच्या हातात दिला नाही. पत्र्यांमधून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत तो धूत राहिला, आणि धुताना एकदाही वर पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर बसलं, गॅस पुन्हा मोजून भरला. नवा स्विच लागला. तो नारायणगावच्याने लावला. तिघे जाताना एकाच मोटारसायकलवर गेले. आता आयुष्यभर एकमेकांची स्तुती करत फिरतील. तो त्रास तालुक्याला माझ्यामुळे झाला, हे मला मान्य आहे.

शनिवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. ट्रक अंगणात, इंजिन चालू, काचा बंद, आणि आत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर वहिनी. जेवणं झाल्यापासून बसलेली. दादा स्टेअरिंगवर हात ठेवून, निकाल लागायचा असलेल्या पोरासारखा समोर बघत. एजंटने टायरला लाथ मारली. वहिनीने चार बोटं काच खाली केली.

“लाथ कुनाला मारता? इकायची न्हाई ती.”

“आवं वहिनी, गिऱ्हाईक आनलंय. फोन तुमीच केलता.”

“केलता. आता न्हाई. काच लावते, गार भाईर चाललंय.”

आणि काच वर गेली.

इथे मी थांबलो असतो. पण पुढच्याच आठवड्यात एका यात्रेला बैल न्यायचे होते, आणि दादाला नाही म्हणणं डॉक्टरलाही जमलं नव्हतं. वहिनी म्हणाली, मी बी येते. आजवर ती कधी घाटावर आली नव्हती. बैल पळाले, आणि दुर्दैवाने उत्तम पळाले. घाटावरून जी गर्दी सुटली ती पोती घेऊन सरळ ट्रककडे. मी आडवा गेलो. म्हटलं, जाळीवर टाकू नका, मागं टाका, माझ्यावर टाका, एसी आहे. “देवाचं काम हाय पावणं, बाजूला व्हा,” म्हणून मला कुणीतरी खांद्याला धरून भाजीच्या पिशवीसारखं उचलून ठेवलं. दादा आत, काच बंद, तोंड उघडं.

तेव्हा वहिनी केबिनमधून उतरली आणि ट्रकच्या तोंडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. बाई हटेना, आणि फेकलेलं पोतं हवेतून परत घेता येत नाही. पहिलं पोतं तिच्यावर गेलं. दुसरंही. मग लोकांना वाटलं हाच मान आहे, आणि उरलेली सगळी तिच्याच अंगावर रिकामी झाली. पिवळा ढग बसला तेव्हा डोळ्यांच्या दोन फटी सोडल्या तर ती कुठे संपते आणि हळद कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. जाळी कोरी होती.

परतायला निघालो. दादाने आतून तिच्या बाजूचं दार उघडलं. तिने पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबली.

“न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या अंगावरचं आत उधळंल. मशिनच्या छातीत जायाचं.”

“अगं बस, मी काच उघडतो.”

“काच उघडायची न्हाई,” ती म्हणाली आणि दार बाहेरून लावलं.

मग ती मागे आली, माझ्याकडे आणि बैलांकडे. पेंढीवर बसली, पाठ फळीला टेकली. वर रणरणतं ऊन. शेजारचा बैल, जो त्या दिवसाचा खरा मानकरी, तिचे केस हुंगून नाराज झाला आणि त्याने तोंड फिरवलं. बरंच अंतर गेल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं, “भावजी, म्होरं गार हाय का वो?”

मी केबिनच्या मागच्या काचेतून डोकावलो. दादाने कानाला मफलर बांधला होता.

“हाय,” मी म्हणालो.

“मग बरं,” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन झोपली.